लाल चौकोन

साहेबाने तो स्क्रीन तिच्याकडे वळवला नसता तर बरं झालं असतं. नुसतं तोंडाने म्हणाला असता, "ताई, कर्ज होणार नाही," तर ती उठली असती, पर्स उचलली असती, आणि नकाराचं जेवढं वाईट वाटायचं तेवढं वाटून घेऊन बस पकडली असती. पण या पोराला समजावून सांगायची भारी हौस. पोरच तो तिच्यापुढे. साहेब म्हणायचं ते खुर्चीला. त्याने स्क्रीन वळवला आणि पेनच्या टोपणाने दाखवत गेला. हिरवे चौकोन, ओळीने मांडलेले. एक चौकोन म्हणजे एक महिना, हिरवा म्हणजे त्या महिन्याचा हप्ता वेळेवर. तिच्या एका खोलीच्या घराचा हप्ता, वर्षानुवर्षांचा, सगळा हिरवागार. आणि खालून दुसऱ्या ओळीत, मधेच, एक लाल.

"हे काय?"

"हा तुमचा उशीर," साहेब म्हणाला. विसरून राहिलेली छत्री हातात द्यावी तसा म्हणाला.

"माझा नाही हो हा. मी उशीर करतच नाही."

"नसाल करत. पण हप्ता महिनाभराच्या वर थकला की आम्हाला कळवावं लागतं. पत नोंदवणारी कंपनी असते ना, तिला. तिच्याकडे एकदा लाल गेलं की सगळ्या बँकांना लालच दिसतं. मग नवीन कर्जाला वरचे साहेब हात लावत नाहीत." तिचा चेहरा बघून तो जरा वरमला. "तक्रार करता येते, ताई. नोंद चुकीची असेल तर दुरुस्त होते."

ती उठली तेव्हा खुर्ची करकरली आणि रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. यांना कळलं की काय, असं तिच्या मनात आलं. छे, यांना काय कळणार! पण रस्त्यावर आली तरी मान वर होईना. समोरून येणारा प्रत्येक माणूस तिला हिरवा वाटत होता. हा सिगारेट फुंकत चाललेला, शर्टाचं बटण तुटलेला, हासुद्धा हिरवा असेल. ती भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई, तीही. आणि आपण, एवढ्या टापटिपीच्या, नाकासमोर चालणाऱ्या, आपण लाल. सिग्नलचा दिवा लाल झाला तर ती उगाचच दचकली. मग स्वतःवरच चिडली. तिच्यासारखी दातांच्या धंद्यातली माणसं जाणतात: तोंडात बत्तीस दात असोत, जीभ जाते ती किडक्याकडेच. तिचं मन सारखं त्या एका महिन्याकडे जात होतं, चाचपत होतं, आणि ठणका लागला की मागे फिरत होतं. कारण कोणता महिना तो, हे तिने स्क्रीनवर वाचलं होतं. बाबा गेले तो.

ती कामाला होती ती कवळ्या बनवायची लॅब म्हणजे एक लांबट तळघर. भिंतीच्या वरच्या अंगाला खिडक्या, आणि खिडक्यांतून दिसायची ती फक्त फुटपाथवरची पावलं. खाली टेबलांवर प्लास्टरची पांढरी धूळ, जबड्यांचे साचे, बत्त्या, मेणाच्या सुऱ्या. इथेच तिने केस पांढरे केले. अर्धे वयाने, अर्धे प्लास्टरने, असं मास्तर म्हणायचे. मास्तर लॅबचे मालक. त्यांनीच तिला हात धरून शिकवलं: सुरी किती तापवायची, मेणाचा दात कसा उभा करायचा, साच्यात बसवून वरचा-खालचा जबडा कसा चावून बघायचा. आणि मुख्य म्हणजे, पुढचा दात नुसता पांढराशुभ्र करायचा नाही. माणसाच्या दाताला कडेला पिवळट झाक असते, टोकाला जरा काचेसारखं असतं, एखादी केसाएवढी चीर असते. ती खोट मुद्दाम घालायची. "बिनखोटीचा दात लांबून ओळखू येतो गं," मास्तर म्हणायचे. तिचे दात ओळखू येत नसत. गावातले डॉक्टर चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, ताईंनाच करायला द्या.

"काय म्हणाली बँक?" मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं.

"देतील. एक नोंद दुरुस्त करायचीय, तेवढी झाली की देतील."

"लवकर उरक, बाई. लॅब तुलाच विकायचीय मला. तो यंत्रवाला, मशीनवर दात कापतो तो, रोज फोन करून डोकं खातोय माझं. त्याला नुसती जागा हवीय. मेण, बत्त्या, सगळं बाहेर काढणार म्हणतो."

"आणि माणसं?"

मास्तरांनी हातातला साचा फुंकून धूळ उडवली. "मी थांबलो असतो गं. पण आमची मंडळी थांबत नाही. मुलीकडे जायचं तिचं ठरलंय, सामानसुद्धा बांधलंय. महिनाअखेर. त्यापुढे माझं तोंड चालत नाही घरात."

म्हणजे महिनाअखेर. त्याच्या आत कर्ज, नाहीतर या टेबलापुढून उठायचं, आणि या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने सुरी बत्तीवर धरली. मेण सांडलं, दाढेचा उंचवटा बसकट झाला. पुसून पुन्हा. पुन्हा सांडलं. तिने सुरी खाली ठेवली आणि पाणी प्यायला उठली, तहान नसताना.

दारात उभं राहायचं. दार म्हटलं की तिला भाड्याच्या त्या दोन खोल्यांचं दार आठवायचं. कडी वाजली की घर श्वास धरून बसायचं. आई स्टोव्ह बारीक करायची, बाबा पेपर घडी न पाडता, आवाज न करता, मांडीवर ठेवायचे. मग बोटाने तिला खुणवायचे. ती सात-आठ वर्षांची पोर दाराला तोंड लावून सांगायची, "बाबा घरी नाहीत." बाहेरून घरभाडेवाला, दूधवाला, कधी किराणावाला. बाबांनी कोणाचा पैसा बुडवला नाही, हे त्यांच्या शत्रूनेही कबूल केलं असतं; पण वेळेवर कोणाचा दिला, असंही नाही. चांगली नोकरी होती, पगार होता. पण पैसा हातात आला की त्यांना वाटायचं, अजून वेळ आहे. आणि वेळ संपली की ते कोणाला तरी मारायचे. खरंच. त्यांचं तत्त्वच होतं ते: "आजारपण सांगू नये, लोक औषधं सुचवतात. मरण सांगावं. लोक गप्प बसतात." भाडं थकलं की दूरचे काका गेले. शाळेची फी थकली की आत्या. आजी तर तिच्या जन्माआधी गेलेली, तिला बाबांनी पुन्हा दोनदा नेलं. आणि आईची सख्खी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, शाळेत शिवण शिकवणारी, धडधाकट मावशी, तिला तीनदा. एका शनिवारी मावशी किराणावाल्याच्या दुकानात शिरली तेव्हा तो माणूस हातातलं माप तसंच धरून उभा राहिला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, साबणाची वडी घेतली, पैसे मोजून दिले आणि निघून आली. घरी येऊन ती काही बोलली नाही. आईच रडली. मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती, आणि ते रडणं, तसं बघितलं तर, तिला अजून ऐकू येतं.

म्हणून तर ती अशी झाली. पगार झाला की तो तिच्या हातात चटके द्यायचा. विजेचं बिल छापून यायच्या आधी ती आकडा विचारून यायची. हप्ता बँकेने आपोआप कापून घ्यावा, अशी सोय होती. तिने ती मुद्दाम बंद केली होती. कोणी येऊन आपल्या पर्समध्ये हात घालावा, तो घरभाडेवाला असो नाहीतर यंत्र, तिला सहन व्हायचं नाही. आपण होऊन जायचं, आपल्या हाताने द्यायचं, आणि पावती घेताना समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. हा तिचा एकुलता एक चैनीचा प्रकार. लोक सिनेमाला जातात, ती हप्ता भरायला जायची.

तक्रार तिने केली. त्या कंपनीच्या संगणकावरच्या चौकटीत ती बोटाने एकेक अक्षर शोधत लिहीत गेली: मी त्या महिन्याचा हप्ता भरलेला आहे, पावती जोडली आहे. पावती होतीच, तिच्याकडे जन्माच्या पावत्या होत्या. मग वाट बघणं आलं. वाट बघणं तिला कधीच जमलं नव्हतं. पोळी तव्यावर टाकून ती फोन बघायची, पोळी करपायची. गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून दोनदा परत यायची. एक दिवस तर डॉक्टरकडच्या कवळीत तिने वरचा एक दात उलट्या बाजूचा लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी तो आपल्या हाताने काढून नीट बसवला, हे आणखी लागलं. शेवटी उत्तर आलं. कंपनीने बँकेला विचारलं होतं, आणि बँकेने कळवलं होतं: नोंद तपासली. बरोबर आहे.

ती तडक बँकेत गेली. "बरोबर आहे म्हणजे काय? मी पैसे भरले की नाही?"

"भरले," साहेब म्हणाला. त्याने या वेळी स्क्रीन वळवला नाही, बहुधा धडा घेतला होता. "पण लवकर भरले, ताई."

"लवकर?"

"हप्ता लागायच्या आधीच. तुम्ही एरवी भरता ते आमचा मेसेज आल्यावर. त्या महिन्यात मेसेजच्याही आधी भरलेत. यंत्राला वाटलं, बाई जास्तीचे पैसे देतायत. त्याने ते मुद्दलात टाकले. मग हप्ता लागला, तो तसाच राहिला. आम्ही मेसेज पाठवला, फोन केले. तुम्ही उचलले नाहीत."

तेव्हा तिला तो बोळ आठवला. हॉस्पिटलचा, फिनेलच्या वासाचा, ज्यात प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, म्हणजे एक माणूस हलला की सगळी रांग हलायची. बाबांना आत ठेवलं त्या आठवड्यात तिने आधी धावत जाऊन हप्ता भरला होता. एवढं एक डोक्यावरचं उतरलं म्हणजे बाबांकडे बघायला मोकळी. मग फोन वाजत राहिला, अनोळखी नंबर. तिने तो उचलला नाही. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. मेसेजही पाहिला होता. म्हणाली होती, भरलाय की, झोपलात का! आणि आत बाबा. नर्सने पडदा सारला की ते डोळे न उघडताच पुटपुटायचे, "कोण आहे? सांग, घरी नाहीत." नर्स हसायची. ती हसायची नाही. तिला राग यायचा, या वयात, या नळ्यांत, अजून तेच. शेवटी एका दुपारी त्यांनी विचारायचं थांबवलं. लोक भेटायला आले, त्यांना ती म्हणाली, "सुटले बिचारे." डोळ्यांतून टिपूस नाही. दुसऱ्या महिन्यात दंड लागलेला दिसला. तिने मागचा हप्ता, दंड, सगळं मुकाट्याने भरून टाकलं आणि विषय संपला असं धरून चालली.

"मग तुमच्या यंत्राची चूक आहे ना ही!"

"यंत्र नियमाने चाललंय. तरी मी मुख्य कचेरीत लिहितो, पैसे मागच्या तारखेने फिरवा म्हणून. पण त्याला दोन-तीन महिने सहज लागतील."

दोन-तीन महिने! तिने टेबलाची कड धरली.

"दुसरा एक रस्ता आहे," साहेब आवाज खाली आणून म्हणाला. "विनंती. उशीर मान्य करायचा, कारण लिहायचं. घरात दुःखद काही झालं असेल, आणि बाकी सगळं हिरवं असेल, तर वरचे साहेब एखादं लाल काढायला सांगतात. आठवड्यात होतं. झालं होतं का काही त्या महिन्यात?"

ती पर्स उचलून उठून आली. चार दिवस ती आपल्याशीच भांडली. भांडी घासताना, बसमध्ये, चाकावर दात चमकवताना. म्हणजे लिहायचं काय, तर वडिलांच्या निधनामुळे मला उशीर झाला. अगदी बाबांचंच वाक्य! बाबांचं मरण खोटं असायचं आणि उशीर खरा. हिचं मरण खरं, आणि उशीर खोटा. एवढाच काय तो फरक. जन्मभर आपण ज्या दारामागून पळत सुटलो, ते दार पुढे येऊन उभं राहावं म्हणजे काय! नाही लिहायचं. मरो ती लॅब. असं ठरवून ती झोपायची आणि सकाळी लॅबच्या पायऱ्या उतरताना प्लास्टरचा वास आला की ती पायरीवरच थबकायची. पाचव्या दिवशी मास्तर टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या हातातला मेणाचा दात घेतला, उजेडाकडे धरला, परत दिला. "उद्या यंत्रवाला येतोय," ते म्हणाले. "मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. पण उद्या काहीतरी म्हणावं लागेल, गं." त्यांचे डोळे ओले होते, आणि तिला ते बघवेना.

ती बाबांच्या मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेली. टेबलावर ठेवला. साहेबाने तो दोन्ही हातांनी उचलला, तेवढं त्याला कळत होतं. वाचला, कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण तारीख जमत नाही, ताई."

"कसली तारीख?"

"हप्ता लागला तो महिन्याच्या सुरुवातीला. वडील गेले शेवटी. वरचे साहेब पहिलं हेच बघतील. म्हणतील, हप्त्याच्या वेळी तर वडील होते."

होते. हप्त्याच्या वेळी बाबा होते, नळ्यांतून विचारत होते दारात कोण आहे म्हणून. तिला एकदम हसू आलं, आणि ते बाहेर पडू नये म्हणून तिने ओठ दाबले. शाबास बाबा! सगळ्या जगाला वेळेवर मारलंत, स्वतः मात्र उशिरा गेलात.

"आजारपण होतं," ती म्हणाली.

"आजारपणावर काढत नाहीत हो." साहेब खरोखरच हळहळला. "त्याच्या आधी काही झालं होतं का? जवळचं कोणी?"

नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आमची मावशी गेली," ती म्हणाली. "त्याच सुमाराला. आईची सख्खी बहीण." साहेब तिच्याकडे बघत होता. ती जराशी थांबली; किती थांबायचं ते तिला आपोआप कळलं. "आई गेल्यावर तिनेच माझं सगळं केलं. शिवण शिकवायची शाळेत. मशीनवरच गेली, बसल्या बसल्या. पायाखाली चाक फिरतच होतं म्हणे."

"अरेरे," साहेब म्हणाला आणि टाइप करायला लागला. "त्यांचा दाखला?"

"तो मुलाने नेला. बाहेरगावी असतो तो." मावशीला मूलबाळ नव्हतं.

"असू दे. वडिलांचा आहे फाइलला, तेवढा पुरे. एका घरात दोन मरणं म्हटल्यावर कोणी विचारत नाही." त्याने कागद छापला, तिच्यापुढे सरकवला, पेन दिलं. "लॅबच्या मालकांना सांगा, चेक दहा दिवसांत. लाल काढायच्या विनंतीची प्रत मी कर्जाच्या फाइलला आजच लावतो."

तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

ती बाहेर आली. ती बँकेच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, तशीच बसली. लाज वाटत होती का? वाटत होती. पण त्याहून वाईट म्हणजे ते किती सोपं होतं! जिभेवर कधीपासून तयार बसलेलं असावं, तसं ते बाहेर आलं होतं, चाकासकट. तिला मावशीचा आवाज ऐकावासा वाटला. आत्ताच्या आत्ता. मावशी आता ऐंशीच्या घरातली, त्याच दोन गल्ल्या पलीकडच्या खोलीत एकटी. फोन बराच वेळ वाजला. तेवढ्यात तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं.

"कोण?"

"मावशी, मी बोलतेय. कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? तू आज अशी भर कामाच्या वेळेला?"

"सहजच गं. गुडघा कसा आहे? डोळे दाखवलेस का? चक्कर-बिक्कर येत नाही ना?"

पलीकडे मावशीने एक मोठा सुस्कारा सोडला.

"कोणाला सांगितलंस?"

"काय?"

"मी मेले म्हणून."

शेजारून कोणीतरी तिला ओलांडून पायरी चढून गेलं.

"अगं, तुझा बाप मला कुठेतरी मारून आला की संध्याकाळी हटकून दारात हजर," मावशी म्हणाली. "एरवी महिनोन्महिने फिरकायचा नाही. आणि त्या दिवशी फळं काय आणायचा, पाय दुखतात का विचारायचा, खिडकीची फट काय बुजवून द्यायचा. ऊठ म्हटलं तरी उठायचा नाही. सारखा माझ्याकडे बघत बसायचा. त्यावरून तर मला कळायचं."

"तू कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तेवढ्यापुरता तरी येत होता की."

तेव्हा तिला रडू आलं. बँकेच्या पायरीवर, भर दुपारी, नाक गळेपर्यंत. इतके महिने कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. "मावशी," ती म्हणाली, "बाबा गेले गं."

"हो गं बाई. गेला तो." मावशीने तिला रडू दिलं. घाई केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काम झालं का पण तुझं?"

"झालं."

"मग झालं तर. आणि मी कशाने गेले या वेळी?"

"मशीनवर," ती नाक पुसत म्हणाली. "बसल्या बसल्या."

"बरं केलंस," मावशी म्हणाली. "तुझा बाप फार हाल करून मारायचा."